एका टाळाची तक्रार

माउलींच्या पालखीसोबत ज्यांनी एकदा तरी आळंदी ते पंढरपूर पायी वाट केली आहे, त्यांना समाज आरती सांगायला नको. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभर चालून पालखी संध्याकाळी तळावर येते. रथापुढच्या आणि रथामागच्या साऱ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग, 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर टिपेला पोचलेला असतो. शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. तेवढ्यात चोपदार हातातला दंड उंचावतात आणि सगळे थांबते. एवढ्या मोठ्या समुदायात टाळाला टाळ लागल्याचा आवाज येत नाही.

मात्र कधी कधी एखाद्या दिंडीचा टाळ तेवढा वाजत राहतो. तो चुकून वाजत नसतो. त्या दिंडीची काही तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. पाण्याचा टँकर मिळाला नाही, चालण्याच्या क्रमात कोणी मध्ये घुसले, तळावर जागा नीट मिळाली नाही, असे काहीही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवले-सापडले सांगतात, दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीची वेळ सांगतात आणि आरती होते. एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी लाखांचा समुदाय मुकाट उभा राहतो. सोहळ्याला ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांच्या परंपरेने दिली आणि आजही ती पाळली जाते.

वारकरी संप्रदाय म्हणजे टाळ-मृदंगाचा गजर, अशीच आपली ओळख लोकांना आहे. ती खोटी नाही. पण ज्याला त्रास झाला त्याचे ऐकण्यासाठी सगळ्यांनी गप्प व्हायचे, ही रीतही आपलीच आहे, आणि ती आपण वारीच्या तळावरच सोडून घरी येतो. आपापल्या गावात, वाडीत, चाळीत, सोसायटीत आलो की आपला वागण्याचा धडा उलटा होतो. तिथे ज्याची तक्रार असते त्याचा आवाज आपल्या आवाजाखाली बुडवला जातो. तरीही तो बोललाच, तर तो धर्मद्रोही ठरतो.

म्हणून या लेखात जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. वारकऱ्याने आपल्या सप्ताहाचा, काकड्याचा, दिंडीचा रस्त्याकडे तोंड करून लावलेला कर्णा स्वतःच्या हाताने खाली उतरवावा. पोलिसांनी सांगण्याआधी उतरवावा, आणि दुसऱ्यांनी त्यांचा उतरवला का, हे न बघता उतरवावा. हे म्हणण्याचा अधिकार मला फारसा नाही. का नाही, तेही सांगतो.

मी प्रभादेवीचा. सिद्धिविनायकाला येणाऱ्या लोकांना आमचा भाग मंगळवारच्या रांगेमुळे माहीत असतो. पण माझ्या लहानपणी प्रभादेवीची खरी घटिका गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. भोंगा हा शब्द आमच्याकडे त्या अर्थाने होता. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली. माझे वडील साचेखात्यात होते. शेकडो माग एका छताखाली चालत. तिथे दोन माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली तरी बोलू शकत नसत. ओठांच्या हालचाली आणि हाताच्या खुणा यांवर काम चाले. पन्नाशीच्या आत वडिलांचे कान गेले. गिरणीने त्याचे काही दिले नाही आणि त्यांनीही मागितले नाही. साचेवाल्याचे कान जायचेच, असे सगळे धरून चालत.

दर एकादशीला चाळीच्या गॅलरीत भजन होई. वडील टाळ घेऊन उभे राहत आणि पखवाज वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघत राहत. ठेका त्यांना कानाने नीट कळत नसे, तो ते डोळ्यांनी धरत. मला वाटे, ते तल्लीन झाले आहेत. फार पुढे कळले, की ते ऐकण्याची धडपड करत आहेत.

त्या भजनाला माइक नव्हता. आवाज चाळीच्या फाटकापर्यंत जाई, पलीकडे जात नसे. रात्री दहाच्या सुमारास भजन आवरत असे, कारण सकाळी पहिल्या पाळीला जायचे. दिवसाही आम्हा पोरांना गॅलरीत ओरडायची बंदी असे. कुठल्या तरी खोलीत तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस झोपलेला असे. "आत माणूस झोपलाय" एवढे म्हटले की विषय संपला. दहा बाय बाराच्या खोल्यांत दहा-दहा माणसे राहत होती, आणि तरीही दुसऱ्याच्या झोपेची एवढी राखण होती. ती राखण कायद्याने केली नव्हती. सगळेच श्रमाने दमलेले होते, म्हणून झोपेची किंमत सगळ्यांना ठाऊक होती.

१९८२चा संप झाला, गिरण्या हळूहळू गेल्या, गिरणीचा भोंगा गेला. आणि काही वर्षांत आम्ही दुसरा भोंगा आणला.

आमच्या मंडळाचा तुकाराम बीजेचा सप्ताह. साल १९९४. मी मंडळाचा चिटणीस होतो. त्या वर्षी वर्गणी चांगली जमली, म्हणून मंडपाबाहेर चार कर्णे बांधले. दोन रस्त्याकडे, दोन चाळीकडे. चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक घर होते. घरचा कर्ता माणूस दुखण्याने खंगलेला. आता औषधाचा उपयोग नाही, घरीच ठेवा, असे सांगून त्यांना घरी आणले होते. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी त्या घरच्या वहिनी मंडपाच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमच्या खिडकीकडचा कर्णा तेवढा दुसरीकडे फिरवता का? ह्यांचा डोळा लागत नाही."

मी काय उत्तर दिले ते मला शब्दन्‌शब्द आठवते. "वहिनी, हरिनामच आहे ना? अशा वेळी कानावर पडलेलं चांगलंच." मला वाटले, मी त्यांना धीर दिला. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून परत गेल्या.

पाचव्या रात्री ते गेले. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शेवटी ते काहीतरी म्हणाले, भाऊ. दोनदा म्हणाले. मी तोंडाशी कान नेला, पण मला ऐकू नाही आलं."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. वर्षभरात खोली विकून त्या गावी गेल्या. समाज आरतीला उभा राहिलो की आजही मला तो एक टाळ ऐकू येतो. त्यांचा टाळ वाजत होता, दंड माझ्या हातात होता, आणि मी तो उंचावला नाही.

हे माझ्या एकट्याचे पाप आहे, असे म्हणून मी गप्प बसलो असतो. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा ध्वनिप्रदूषणावरचा निकाल आला, त्यामागची हकिकत वाचली आणि अंगावर काटा आला. १३ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लावलेल्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही. त्या मुलीने पुढे स्वतःला जाळून घेतले. या घटनेने अस्वस्थ झालेल्या एका अभियंत्याने न्यायालयाचे दार ठोठावले. १८ जुलै २००५च्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर आणि वाद्यांच्या गोंगाटावर बंदी घातली, त्याच्या मुळाशी ही न ऐकू गेलेली हाक आहे. हा नियम म्हणजे सणांवर आलेले संकट, असे आपण समजतो. तो माणसाची हाक ऐकू यावी म्हणून आहे.

आता नियम काय आहे तेही नीट पाहू, कारण त्याविषयी आपल्यात बोलणे फार आणि माहिती थोडी. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. लाउडस्पीकरला परवानगी घ्यावी लागते. परवानगी असली तरी त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा एकूण ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसासुद्धा ६५च. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. पहाटे ६ च्या आधी कोणालाही सवलत नाही. काकड्याची वेळ आठवा आणि आपण कुठे बसतो ते पाहा.

डेसिबलचे गणित मात्र आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नसते. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. ५५चे ८५ झाले म्हणजे ती हजारपट झाली. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा दंडक असा, की ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. त्या हिशेबाने १०० डेसिबलपाशी पंधरा मिनिटेच उरतात. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. माझ्या वडिलांच्या अशाच गेल्या. त्यांनी त्या पोटासाठी घालवल्या. आजची पोरे डीजेच्या भिंतीपुढे नाचून त्या फुकट घालवतात, आणि जवळच्या पाळण्यातल्या बाळाच्याही घालवतात, ज्याला कोणी विचारलेलेच नसते.

हे बोलले की चार उत्तरे ठरलेली असतात. एकेक घेऊ.

पहिले उत्तर, "वर्षातून एकदाच तर असते." आमच्या प्रभादेवीचे वर्ष मोजून बघू या. शिवजयंती तारखेची आणि तिथीची. आंबेडकर जयंती. २६ जानेवारी आणि १ मेच्या सत्यनारायणाच्या महापूजा. माघी गणपती. दहीहंडी आणि तिच्या सरावाचे दिवस. भाद्रपदाच्या आधी काही आठवडे सुरू होणारे गणपतींचे आगमन सोहळे, मग दहा दिवसांचा उत्सव, मग दादर चौपाटीकडे जाणाऱ्या विसर्जनाच्या मिरवणुका. नवरात्र. लग्नसराईतल्या हळदी. नेत्यांचे वाढदिवस. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा आणि त्यांची रात्रीपर्यंतची कॉमेंट्री. आणि यातच आपला सप्ताह. प्रत्येकाचे एकदाच असते, पण ऐकणारा तोच असतो. त्यातही बीजेचा सप्ताह येतो फाल्गुनात, म्हणजे बरोबर दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर. ज्या घरात एकच खोली आहे त्या घरातले पोर कुठे जाऊन अभ्यास करणार? टॉवरमधला माणूस काचा लावून वातानुकूलन चालू करतो. कर्णा लागतो तो गरिबाच्या खिडकीला.

दुसरे उत्तर, "आधी त्यांचे भोंगे काढा, मग आमच्याकडे या. न्यायालयांना हिंदूंचेच सण दिसतात." हे उत्तर आता आपल्या मंडपातही मोठ्याने ऐकू येते, म्हणून वस्तुस्थिती सांगतो. प्रार्थनेसाठी लाउडस्पीकर लावण्याचा हक्क धर्मात येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०००चा निकाल चेन्नईतल्या एका ख्रिस्ती प्रार्थनागृहाविरुद्ध होता. मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१६चा निकाल ठाण्यातल्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर, उत्सवांचे मंडप आणि त्यांचा आवाज यांबाबत होता. जानेवारी २०२५चा निकाल कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर, मशिदी आणि मदरशांवरच्या लाउडस्पीकरबाबत होता. तिन्हींचे सार एकच आहे, लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. कुर्ल्याच्या निकालात तर पोलिसांना सांगितले आहे, की तक्रार करणाऱ्याचे नाव विचारू नका, उघड करू नका, आणि कारवाई करा. न्यायालयाला हे का सांगावे लागले? तक्रार करणाऱ्याच्या दारात लोक जाऊन उभे राहतात म्हणून. आपल्याकडे ज्याचा टाळ वाजतो त्याच्याकडे चोपदार जातात. शहरात त्याच्याकडे टोळके जाते.

आणि समजा, शेजारचा काढत नाही. म्हणून काय झाले? शेजारी एकादशी करत नाही म्हणून आपण सोडतो का? शेजारी मांसाहार करतो म्हणून माळ उतरवतो का? आपले व्रत आपण दुसऱ्याच्या वागण्यावर कधी टांगून ठेवले नाही. मग याच एका गोष्टीत त्याची बरोबरी का?

तिसरे उत्तर, "रस्त्यावरचे हॉर्न, टॉवरच्या बांधकामांचे घण, विमाने, त्यांचे काय?" हे खरे आहे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींनी आम्हाला वर्षानुवर्षे खोदकाम ऐकवले आहे. त्याविरुद्धही बोलले पाहिजे, लढले पाहिजे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८०च्या दशकात आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, पुढे सुमैरा अब्दुलाली यांच्या 'आवाज फाउंडेशन'ने रस्त्यारस्त्यांवर आवाज मोजून तो लोकांपुढे ठेवला. आमच्या शेजारच्या शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी झगडून २०१०मध्ये ते मैदान शांतता क्षेत्र करून घेतले. ही माणसे आपले काम करत आहेत. पण जो स्वतःचा कर्णा खाली घेत नाही, त्याने बिल्डरला शांतता शिकवायला जावे, हे शोभत नाही.

चौथे उत्तर सर्वांत अवघड, कारण ते श्रद्धेचे आहे आणि ते मी स्वतः दिलेले आहे. "हरिनाम आहे. नकळत कानावर पडले तरी कल्याणच." यावर मी तीस वर्षे विचार केला. नाम थोर आहे यात वाद नाही. पण आपल्या परंपरेत नाम घ्यायचे असते, ते कोणावर टाकायचे नसते. कीर्तनाला जो येतो तो आपल्या पायांनी येतो, जमिनीवर बसतो, म्हणून तो श्रोता होतो. जो आपल्या घरात अंथरुणाला खिळला आहे आणि ज्याला उठून जाता येत नाही, तो श्रोता नव्हे. तो आपल्या हाती सापडलेला माणूस आहे. तुकोबारायांनी चिंतनासाठी भंडाऱ्याचा डोंगर गाठला. गावात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असे चिंतन करावे, असे त्यांना वाटले नाही.

एकनाथ महाराजांची कथा आपण दर सप्ताहात सांगतो. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले तेव्हा थांबले आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओतले. रामेश्वरासाठी आणलेले पाणी आहे, गाढवाला नुसते दर्शन घडले तरी पुण्य लाभेल, असे ते म्हणाले नाहीत. मी वहिनींना नेमके तेच म्हणालो होतो. ही कथा मी व्यासपीठाजवळ बसून किती वेळा ऐकली असेल, आणि ऐकताना मान डोलवली असेल! पण गाढव दाराशी आले तेव्हा मी कावड घट्ट धरून बसलो.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढून अहिंसेचे विवेचन वाचावे. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, हात कसा उचलतो, दुसऱ्याला टोचेल या भीतीने तोंडातून शब्दही कसा जपून काढतो, हे माउलींनी किती हळुवारपणे सांगितले आहे. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे येतात, त्यांतही लोकांना आपल्यापासून उपद्रव न होणे हे लक्षण आहे. आपण माळकरी लोक मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालतो, आणि शेजारच्या आजाऱ्याच्या कानावर चार कर्णे रोखतो. याला अहिंसा म्हणायचे असेल तर तेराव्या अध्यायाचे पारायण थांबवलेले बरे.

आवाज वाढतो तो नामासाठी वाढतो, हेही खरे नाही. आपण मंडळवाले खासगीत कबूल करतो ते इथे लिहितो. पलीकडच्या मंडळाचे आठ होते म्हणून आपले दहा. देणगीदाराचे नाव रस्त्यापर्यंत ऐकू गेले पाहिजे. कीर्तनाआधीचा अर्धा तास सत्कार, शाली आणि नारळ. त्यात हरीचे नाव किती वेळा येते आणि प्रमुख पाहुण्यांचे किती वेळा, हे एकदा मोजावे. कीर्तनकार महाराजांनाही नम्रपणे सांगतो, आवाजाला 'एको' लावल्याने अर्थ खोल होत नाही. वारीच्या वाटेवरही आता स्वागताच्या मंडपांतून एवढा आवाज येतो, की चालत्या दिंडीचा अभंग मोडतो, आणि तो आवाज आपण सन्मान समजून ऐकून घेतो.

टाळ-मृदंगाला हात लागतो, आणि हात दमतो. वीणेचा पहारा बदलावा लागतो. गळा बसतो. आपल्या वाद्यांना माणसाच्या शरीराचीच मर्यादा आहे, आणि ती शेजाऱ्याला सोसते. यंत्र दमत नाही, म्हणून थांबायचे कधी हे त्याला कळत नाही. ते आपल्याला कळले पाहिजे.

माइक पूर्ण बंद करा, असे मी म्हणत नाही. पाचशे माणसे बसली तर मागच्या म्हातारीला ऐकू गेले पाहिजे. पण त्यासाठी मंडपाच्या आत, श्रोत्यांकडे तोंड करून, लहान लहान स्पीकर पुरतात. माझा वाद रस्त्याकडे तोंड असलेल्या कर्ण्याशी आहे. जो आला नाही त्याला ऐकवण्यासाठीच तो असतो, दुसरा त्याला उपयोग नाही.

तेव्हा प्रत्येक भजनी मंडळाने, फडाने, सप्ताह समितीने येत्या बैठकीत पुढील ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. मंडपाबाहेर कर्णा नको. काकडा विनामाइक. रात्री दहाच्या आत कीर्तन आटोपेल अशा बेताने सत्कार कमी करावेत. सप्ताह बसण्याआधी दोघांनी आसपासच्या घरी जाऊन विचारावे, की घरात कोणी आजारी आहे का, बाळ-बाळंतीण आहे का, परीक्षेचे मूल आहे का, रात्रपाळीचे कोणी आहे का. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण येऊन राहतात, परळच्या रुग्णालयांबाहेर रुग्णांचे नातलग पदपथावर झोपतात. आपल्या दिंडीची वाट तिकडून असेल तर तिथे टाळ हातात धरून, मुखाने हळू नाम घेत जावे. सिद्धिविनायकाला सोमवारच्या रात्री दूरदूरहून अनवाणी चालत येणारी माणसे आमच्या रस्त्याने जातात. त्यांतली कितीतरी मुकाट चाललेली असतात. त्यांची भक्ती आवाजावाचून कमी पडल्याचे मला कधी जाणवले नाही.

आणि शेवटचा ठराव मुख्य. प्रत्येक सप्ताहात एक चोपदार नेमावा. त्याचे काम एवढेच, की शेजारपाजाऱ्यांपैकी कोणाचीही तक्रार आली, मग ती कोणत्याही जातीच्या, धर्माच्या, पक्षाच्या माणसाची असो, तर त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचे. तक्रार ऐकायची, निवाडा करायचा, मग पुढचा अभंग. यात नवीन काही नाही. तळावर दर संध्याकाळी आपण हेच करतो.

आमच्या मंडळाने दोन वर्षांपूर्वी कर्णे उतरवले. एका वर्षी वर्गणी थोडी घटली. दोन-तीन जणांनी अबोला धरला, त्यातला एक माझा जुना मित्र आहे, तो अजून बोलत नाही. श्रोते मात्र तेवढेच आले. काकड्याला चाळीच्या जिन्यात आम्ही वीस-पंचवीस जण असतो. वडिलांचे जुने टाळ आता माझ्याकडे आहेत, ते मी पूर्वीपेक्षा हळू वाजवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीत आता वेगळे लोक राहतात. त्यांच्याकडे तान्हे मूल आहे. काकडा झाला की मी वर बघतो. खिडकी उघडीच असते.

रामकृष्ण हरी.